साबणाचे तुकडे आणि पुढची खोली यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला मात्र ते सिद्ध करावे लागले, म्हणून आधी त्याचा खुलासा.

माझ्या मुलाला घराची पुढची खोली मोबाइलच्या दुकानासाठी भाड्याने द्यायची आहे. त्या खोलीत माझे शिलाई मशीन आणि कटिंगचे टेबल आहे. मी साफ नाही म्हटले. तेव्हा तो डॉक्टरांना घरी घेऊन आला आणि माझ्यादेखत म्हणाला, "आईचं डोकं ठिकाणावर नाही. बाथरूममधले साबणाचे झिजलेले तुकडे गोळा करते, खिडकीत वाळवते, डब्यात भरून ठेवते. दोनदा फेकला मी तो डबा, दोन्ही वेळा हिने कचऱ्यातून काढून आणला." मी सगळे कबूल केले.

डॉक्टरांनी मला वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. उभा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात गेला, मला वजाबाकीचे काय भय! शेवटी ते म्हणाले, "आजी, पण हे तुकडे कशाला?"

"उभे राहा," मी म्हटले. त्यांचा कोट काळा होता. वाळलेल्या साबणाच्या धारेने मी शिवण जिथे हवी होती तिथे खांद्यावर रेघ मारली आणि त्यांना आरशापुढे नेले. "तुमच्या शिंप्याने खांदा अर्धा इंच बाहेर काढलाय. म्हणून बाही पंजावर येते."

त्यांनी हाताकडे पाहिले. "खरंच की! पण ही रेघ?"

"ओलं फडकं फिरवलं की गेली."

डॉक्टर कोट माझ्याकडे ठेवून नुसत्या शर्टावर घरी गेले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलाचे तोंड त्या वेळी पाहण्यासारखे झाले होते. आता वाटणी.

कलम १. मागच्या दोन खोल्या आणि बँकेतील सर्व शिल्लक मुलाला. माझी खोड मोडावी म्हणून त्याने आणलेली पातळ साबणाची पंपाची बाटलीही त्यालाच. मी तिला हात लावलेला नाही.

कलम २. पुढची खोली, मशीन, टेबल व मोठी कात्री सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. यांवर मुलाचा कसलाही हक्क राहणार नाही. सून नऊ वर्षे माझ्या हाताखाली आहे आणि आता कॉलर माझ्यापेक्षा चांगली बसवते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, ते माझे चुकले. दुसऱ्यांदा फेकलेला डबा कचऱ्यातून तिने काढला होता. डॉक्टरांसमोर मी तिचे नाव घेतले नाही, कारण तिला त्याच घरात राहायचे आहे.

कलम ३. साबणाचा डबा सुनेला. क्रीमचा साबण त्यात घेऊ नये, तेलकट डाग राहतो. एका गिऱ्हाइकाची पँट मी अशी वाया घालवली आहे. तुकडा महिनाभर वाळू द्यावा, मगच धार धरतो. जाड कापडात सुई अडली तर ती साबणात टोचून घ्यावी. अडकलेल्या चेनवर घासावा. अगदीच चुरा झाला की जाळीच्या पिशवीत भरून हात धुण्यासाठी नळाला टांगावा. फेकण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

कलम ४. माझ्या नावाने दुसरा कुठलाही कागद निघाला तर तो खोटा समजावा.

कलम ५. या मृत्युपत्राविरुद्ध मुलगा न्यायालयात जाईल. खुशाल जावे. तिथे घालण्यासारखा त्याच्याकडे एकच कोट आहे आणि तो मी शिवला आहे. मुलाचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. त्याला हे ठाऊक नाही, कारण शाळेच्या पहिल्या शर्टापासून मी त्या खांद्यात आतून एक पट्टी जास्त घालत आले. चारचौघांत त्याला कोणी वाकडा म्हणू नये, एवढेच मनात होते. ती पट्टी किती जाड घालायची, हे मी फक्त सुनेला शिकवले आहे. नवा कोट हवा असेल तेव्हा त्याने पुढच्या खोलीत यावे.

सही: (स्वहस्ते)
साक्षीदार: १. मला तपासणारे डॉक्टर
२. समोरचा इस्त्रीवाला
स्थळ: पुढची खोली
दिनांक: ११ मार्च, मंगळवार