सलीमभाईची अर्धी भिंत

सोम. १२ फेब्रु.
स्वतःच्या हातानं केलेलं: घराचा जिना, ओटा, दोन्ही मोऱ्या, हौद, ही खुर्ची. शिकवणारा कुणी नव्हता. बांधकामाचा धंदाही बघून बघून उभा केला. पण माणूस आजारी पडला की नेमकं काय करायचं असतं?
गिलाव्याचा मिस्त्री सलीमभाई आज पुन्हा नाही. फोनवर, "बुखार है सेठ, कल आतूं." गेल्या आठवड्यातही हेच. औरंगपुऱ्याच्या साइटवर हॉलची भिंत वरून अर्धी गिलावून झालेली, तशीच.

बुध. १४
नाही आला. दुसरा मिस्त्री भाऊसाहेब, पिशोरचा. त्याला म्हटलं, ती भिंत उरक. "नाय मालक, त्यांच्या हातची हाय." अरे, नाव कोरलंय का तिच्यावर? "मी नाय शिवणार. पायजे तर खाडा लावा."
एक आजारी, एक धडधाकट असून हात लावत नाही. खाडा लावायचा कुणाला?

शुक्र. १६
साइटच्या घरमालकांची वास्तुशांत तोंडावर. "नवा मिस्त्री आणा, नाहीतर मी आणतो." नवा आला की सलीमभाईची जागा गेली. म्हणून मीच थापी घेतली. सायंकाळी भिंत पुरी. सांधा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. ओळंब्यात चोख. जागा राखली त्याची.
भाऊसाहेबानं चहासुद्धा घेतला नाही. का ते...

शनि. १७
सलीमभाईची बायको साइटवर. त्याची थापी, गिलावा घोटायचा रंधा पिशवीत भरायला लागली. भाभी, हे काय? "आप दिवार पूरी कर लिए ना भाई. इत्ते साल काम करे इनो, मुंह से बोलना था." अहो, त्याच्यासाठीच केली, म्हणतोय मी. थांबली नाही.
मग भाऊसाहेब बोलला. माणूस कामावर हाय तवर त्याची अर्धी भिंत तशीच ठेवायची. दुसऱ्यानं पुरी केली म्हंजे त्याला काढला. "मालक असून म्हाईत नाय व्हय?"
नाही. टोळीत राहिलोच नाही कधी.

रवि. १८
त्याच्या घरी गेलो. खाटेवर होता. छातीचा फोटो काढलाय, धूळ बसलीय म्हणे. ताप का सांगत होतास? "छाती बोलता तो रखते थे क्या आप?"
ठेवला असता मी?
परत ये म्हटलं. "कौनसी दिवार पे, सेठ?" हसला, मग खोकला.
धुळीत बोलवायचं कसं? नुसतं मोजमाप बघायला ठेवलं तर? मिस्त्री माणूस, टेप धरून उभा राहील? भाभीनं चहा दिला. म्हणजे राग गेला, की पाहुणा झालो?

मंगळ. २०
बजाजनगरचा मुकादम साइटवर आला. "सगळा गिलावा मला सोडा. एक मिस्त्री पडला की दुसरा उभा करतो, तुम्हाला कळणार पण नाय." मी नुसतं बाजूला बसायचं, त्याचे मला साठ हजार.
भाऊसाहेब वाळू चाळायचा थांबून ऐकत होता. सलीमभाईचा फोन लागत नाही. वास्तुशांतीला बाकीचं काम पुरं होईल असं वाटत नाही.
मुकादमाला नाही म्हणालो. साठ हजार. रोख देणार होता.