हिला आवडायचं ते पांढरं चायनीज

३० ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४

सोलापूरच्या खवय्या बंधू-भगिनींनो, आपलं सगळ्यांचं एकच दुखणं आहे. आपण चायनीज म्हणून जे खातो ते चीनचं नसतं आणि सोलापूरचं तर मुळीच नसतं. थाई मागवा, लाल रस्सा येतो. मोमो मागवा, लाल चटणी येते. भूक घेऊन जातो, जळजळ घेऊन परततो, आणि निमूट सोसतो.

सुरुवात जमली. आज सात वाजता मंडळाच्या मांडवात व्याख्यान. विषय : ताटावरचं आक्रमण. वेळ पाऊण तास दिली आहे. पाऊण तासातच आटपायचं. निश्चय.

३१ ऑगस्ट, रविवार

एक तास चाळीस मिनिटं बोललो. लोक उठत नव्हते, माझा नाइलाज झाला. शेवटी वाचनालयासमोरच्या चायनीजच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणालो, उद्या सूर्य उगवेल तेव्हा ही गाडी इथे दिसता कामा नये. टाळ्या. पहिल्या रांगेतला गुंडा उठून उभाच राहिला. गुंडा हे त्याचं नावच; मंडळाचा कार्यकर्ता, माझा जुना विद्यार्थी. शाळेत कधी उभा राहिला नव्हता.

नंतर कार्यकर्त्यांनी आग्रहाने जेवायला नेलं. चायनीजच. हरकत घेतली, पण अन्नाचा अपमान नको. शेजवान राइस दोनदा घेतला. अभ्यास म्हणून.

आज सकाळी जाऊन पाहिलं. गाडी खरंच नाही. तीस वर्षं गर्जतोय, बोललेलं पहिल्यांदा घडलं.

ही असती तर ऐकलं असतं. हिने माझं एकही भाषण चुकवलं नाही. कायम शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची. आवाज तिथवर पोचतो का ते बघायला मीच बसवायचो. घरी येताना विचारायचो, पोचला का? म्हणायची, पोचला की.

काल मांडव भरला होता. शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची तेवढी रिकामी. लोक उभे होते, पण तिच्यावर कोणी बसत नव्हतं. खुर्ची मोडकी असेल.

१ सप्टेंबर, सोमवार

वैष्णवीने, म्हणजे सुनेने, चहा देताना विचारलं, बाबा, पंधरा तारखेला अविधवा नवमी. आईंना जाऊन वर्ष होऊन गेलं, आता ही पहिली नवमी. सवाष्ण जेवायला बोलवायची, तिच्या पानात आईंच्या आवडीचं वाढायचं. काय करू?

मी हे सगळं मानत नाही. तिथीवर माझं स्वतंत्र व्याख्यान आहे. पण सुनेचं मन मोडायचं नाही. ठामपणे म्हणालो, शेंगांची पोळी.

वैष्णवी म्हणाली, शेंगदाण्याने त्यांना पित्त व्हायचं, बाबा. पोळी तुम्हाला आवडते.

मग म्हणालो, वांग्याचं भरीत. तेही तुम्हालाच, म्हणाली. धपाटे? तिने पर्स उचलली. बँकेत जायची वेळ झाली म्हणून वाद अर्धवट राहिला. नाहीतर जिंकलो असतो.

छत्तीस वर्षांचा संसार. हिला काय आवडायचं हे मला माहीत नसेल, असं होणारच नाही. आज संध्याकाळपर्यंत आठवेल.

२ सप्टेंबर

आठवलं नाही. कालपासून दमट हवा आहे.

शेजारच्या गौरम्मांना विचारलं. हिची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. नवमीला सवाष्ण म्हणून त्याच जेवायच्या आहेत. हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या शिवबाईला व्हय? चायनीज. लई आवडीनं खायची.

मी म्हणालो, शक्य नाही. माझ्या पत्नीने माझी चायनीजविरोधी भाषणं सात वेळा ऐकली आहेत.

म्हणाल्या, ऐकली असतील की. त्यानं भूक मरत न्हाय.

कोणतं चायनीज? नाव येत नाही म्हणाल्या. पांढरं असतंय. लाल नसतंय. लसणाचा वास येतोय. बास.

ही बदनामी आहे. पण आरोप झाला की वक्त्याने पुराव्यानिशी खोडायचा असतो. शहरातलं सगळं चायनीज स्वतः तपासायचं. पांढरं असं काही नसतंच, हे सिद्ध करायचं. तेरा दिवस हातात आहेत. चार पुरेत.

४ सप्टेंबर

पाहणी पहिली. बाहेर ड्रॅगन, आत सिद्धेश्वराचा फोटो. पांढरं चायनीज मागितलं. वेटर म्हणाला, व्हाइट सॉस पास्ता आहे. मी म्हणालो, तो इटलीचा. म्हणाला, आमच्यात चायनीजमध्येच येतो.

हक्का नूडल्स मागवल्या. लाल. मंचुरियन, लाल. सूप काळं, पण वर लाल तेल. खरं सांगायचं तर मंचुरियन बरं होतं. हे भाषणात घ्यायचं नाही.

वेटरने दोन ग्लास पाणी ठेवलं. एकटाच आहे म्हणालो. हो म्हणाला, आणि दुसरा ग्लास तसाच ठेवून गेला. निघताना पाहिलं. त्यातलं पाणी थोडं कमी वाटलं. चष्म्याचा नंबर वाढलाय.

८ सप्टेंबर

चार दिवसांत तीनच हॉटेलं झाली. विसर्जनाच्या मिरवणुकीमुळे उशीर.

आज थाई. एसी, मंद दिवे, मेनूकार्ड आमच्या शाळेच्या हजेरीपटापेक्षा जाड. करी हिरवी आहे म्हणाले. हिरवीच आली. नारळाच्या दुधात कोणी साबण विसरला असावा अशी चव. वेटरला विचारलं, थायलंडला हीच खातात का? म्हणाला, सर, मी केम गावचा. मीही केमचा. मग खाण्यापेक्षा गावाकडच्या गप्पाच जास्त झाल्या. आतापर्यंतचं सर्वांत चांगलं हॉटेल.

टेबल दोघांचं होतं. समोरच्या खुर्चीपुढचा टिश्यू पेपर सारखा उलटत होता, कोणी हात पुसून ठेवावा तसा. एसीचं तोंड माझ्याकडे होतं. मी जागा बदलली. बिल मागताना वेटरने विचारलं, मॅडम आल्यावर आणू का? कुठल्या मॅडम? म्हणाला, आत येताना तुम्ही दार धरून थांबला होतात की, सर.

धरलं असेल. स्प्रिंग कडक होती.

९ सप्टेंबर

दुपारी डुलकी लागली. स्वप्न. ही पाठमोरी उभी. विचारलं, तुला काय आवडतं? सांगत होती. ओठ हलताहेत हे गालावरून दिसत होतं. पण लाउडस्पीकर इतका मोठा की शब्द कळेना. कोण बोलतंय म्हणून चिडून वळलो, तर माझंच भाषण.

जाग आली तर स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास. वैष्णवी बँकेत. गॅस बंद, कढई कोरडी. गौरम्मांच्या घरचा असेल. त्यांच्या दाराला कुलूप होतं, पण वास मागे राहतो.

थाईचं पित्त. उद्यापासून लाल सॉस बंद.

१० सप्टेंबर

कोरियन कॅफे. लाल सॉस आपोआप बंद होईल असं वाटलं. सगळ्यांत लाल तिथेच. कॉलेजच्या पोरी काड्यांनी सरसर खात होत्या. मी काड्या धरल्या, नूडल्स सुटल्या, शाल डागाळली. सत्काराची शाल होती. एक पोरगी म्हणाली, आजोबा, फोर्क मागा की. म्हणालो, मी संस्कृतीचा अभ्यास करतोय. म्हणाली, मग नॅपकिनपण मागा.

परत येताना मोमो. पांढरे. काळजात धस्स झालं. गौरम्मांसाठी चार बांधून आणले. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, ह्ये न्हाय. ह्ये तर मोदकाचं सावत्र भावंड हाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न आज गौरम्मांना विचारला. ही खायची कधी?

म्हणाल्या, तुमचं भाषण असलं की. येताना मलाबी कागदात बांधून आणायची.

म्हणालो, भाषणात ती शेवटच्या रांगेत असायची. गौरम्मा पदर सावरत म्हणाल्या, असंल बाबा. मला काय म्हाईत.

तडक वाचनालयात गेलो. आप्पा शिपाई, वीस वर्षं खुर्च्या लावतोय. त्याला विचारलं, आमच्या बाई शेवटच्या खुर्चीवर बसायच्या की नाही? आप्पा म्हणाला, बसायच्या की. तुमचं बंधू-भगिनींनो हुईपर्यंत. मग समोर तौहीदच्या गाडीवर. आभाराला बराबर परत. खुर्चीवर कुणाला बसू देऊ नको म्हणून मला सांगून जायच्या. मी अजूनबी बसू देत न्हाय कुणाला. मंडळाच्या मांडवात माझ्याच खुर्च्या असत्यात.

मी विचारलं, दर वेळी? आप्पा म्हणाला, पाऊस असला की न्हाय.

म्हणजे पावसाळ्यातली भाषणं तिने पूर्ण ऐकली आहेत. हे लक्षात ठेवायला हवं.

समोर पाहिलं. गाडीच्या जागेवर फरशीचा चौकोन तेवढा स्वच्छ राहिलाय.

१३ सप्टेंबर, शनिवार. दुधनी

काल दिवसभर तौहीदचा शोध. शेवटी कळलं, मेहुण्याच्या भज्यांच्या गाडीवर हाताखाली आहे. इथे, दुधनीत. सकाळच्या गाडीने आलो. हे स्टेशनवर बसून लिहितोय.

सत्ताविशीचा, किडकिडीत. मला ओळखलं. हात जोडले नाहीत, तेल गाळत राहिला. मी प्रस्तावना सुरू केली. म्हणाला, काका, गिऱ्हाईक हाय, थोडक्यात बोला. थोडक्यात बोललो. वाईट जमलं.

शिवबाईंचं नाव काढल्यावर थांबला. विचारलं, काकू कशा हायत? वर्षभर दिसल्या न्हाईत.

सांगितलं. झारा खाली ठेवला, बाकावर बसला. मलाही बसा म्हणाला.

म्हणाला, मला कुटं नूडल्स येत होत्या. गिचका व्हायचा. काकूंनीच शिकवलं. शेवया करतोस तशा कर रे म्हणाल्या. पाण्यात तेल टाक, दोन उकळ्या, की काढ. सॉस नको, रंग नको. लसूण, मिरी, मीठ, वरनं लिंबू. मी त्याला काकूवाली म्हणायचो. दुसरं कुणी मागत नव्हतं.

विचारलं, इतका वेळ काय करायच्या तिथे? म्हणाला, खायच्या. बसायच्या. तुमचा आवाज यायचा की भोंग्यातनं. तुमी शेवटी एवढंच सांगेन म्हणालात की काकू म्हणायच्या, अजून अर्धा तास हाय, सावकाश कर.

विचारलं, मला एकदा तिथे आणावं असं कधी म्हणाल्या का?

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाला, न्हाई.

मग म्हणाला, एकदा मधीच माईक गेला. आवाज बंद. काकू ताट तसंच टाकून पळाल्या. रिक्षाखाली आल्या असत्या. दहा मिनिटांनी परत आल्या. म्हणाल्या, बरे हायत, बोलायलेत. मग गार झालेलं खाल्लं.

नवमीला येऊन कर म्हणालो. म्हणाला, तव्याशिवाय व्हत न्हाई. तवा गाडीवर, गाडी मंडळाच्या गोदामामागं. ओढताना चाक मोडलं तिचं. ज्यांनी उचलली त्यांनी जागेवर ठेवावी, मी त्याच दिवशी येतो. काकूंसाठी येतो.

गाडी कोणी उचलायला सांगितली, हे त्याला माहीत आहे. त्या दिवशी तो तिथेच होता. तसं बोलला नाही. भजी मात्र खाऊ घातली.

१४ सप्टेंबर

गुंडाला गाठलं. म्हणालो, गाडी परत ठेवायची. म्हणाला, सर, तुमचीच ऑर्डर होती की. मोबाइलवर व्हिडिओ लावला. सूर्य उगवेल तेव्हा ही गाडी इथे दिसता कामा नये. खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग. आवाज स्पष्ट आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असणार.

म्हणालो, मी मत बदललंय. गुंडा म्हणाला, मग तसं स्टेजवरून सांगा, सर. तोंडी सांगितलं तर पोरं ऐकत न्हाईत.

मंडळाचा मांडव उतरला आहे. वाचनालयात भाषणाला नवरात्राआधी तारीख नाही. हरकत नाही. उद्याच्या नूडल्स मी स्वतः करणार. कृती तोंडपाठ आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

वैष्णवी म्हणाली, बाबा, नवमीच्या पानाला लसूण चालत नाही. मी रूढी आणि विवेक यावर बोलू लागलो. म्हणाली, गॅस चालू आहे, बाबा. तोपर्यंत चार उकळ्या झाल्या होत्या.

गिचका झाला. तरी वाढला. गौरम्मा नवी साडी नेसून बसल्या. एक घास खाल्ला. हळू चावला. मी बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, वैष्णवी दोनदा माझ्याकडे बघून गेली.

गौरम्मा म्हणाल्या, ह्ये न्हाय.

तरीही सगळं संपवलं. हात धुताना म्हणाल्या, भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. ती गाडीवरचीच खायची.

दुपारी गोदामामागे गेलो. गाडी आडवी पडलेली. तवा उलटा, खाली पावसाचं पाणी. एकट्याने उचलून पाहिली. वीतभर उचलली. मग कंबर धरली. मोडक्या चाकाची बाजू कोणीतरी वर धरायला हवी, दोघांनी ढकलायला हवं, पुढून एकाने वळवायला हवं. रस्ता तीनशे पावलांचा. मोजला.

तसाच वाचनालयासमोर उभा राहिलो. स्टेज नाही, माईक नाही. बंधू-भगिनींनो म्हणालो. एक रिक्षावाला थांबला, कुठं जायचंय म्हणाला. समोर आप्पा खुर्च्या पुसत होता, त्याने वर पाहिलं नाही.

म्हणून इथेच लिहितो. थोडक्यात.

सोलापूरच्या बंधू-भगिनींनो, त्या दिवशी मी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. ते चुकीचं होतं. उद्या सकाळी नऊ वाजता मंडळाच्या गोदामामागे या. गाडी जागेवर न्यायला चार माणसं लागतात. एक मी आहे. तिघं या.