तुझे आजोबा कोणते?

क्रेगीबर्न, मेलबर्न
२७ एप्रिल २००८

आदरणीय आजोबांना प्रतीक्षाचा सविनय जय भीम.

मी मजेत आहे. युनिव्हर्सिटीत ठीक चाललंय, वरणभात आता गिळण्याजोगा होतो, आणि सुजितदादाला सांगा, मी अजिबात बारीक झालेली नाही. गुडघ्यांना तेल लावताय ना? खोटं बोललात तर फोनवर मला लगेच कळतं.

आठवड्यातून तीन दिवस मी लेस नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे कामाला जाते. त्यांच्या आंघोळीपासून जेवणापर्यंत सगळं मीच बघते. वय पंच्याऐंशी, तुमच्याएवढेच, आणि तुमच्याइतकेच हट्टी. परवा इथे अ‍ॅन्झॅक डे होता, सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. नातवंडं आजोबांची पदकं छातीवर लावून संचलनात चालली होती. टीव्हीवर ते बघताना मी ऐटीत म्हटलं, माझे आजोबाही महायुद्धात लढले.

लेसनी टीव्ही बंद केला.

“मी नाही लढलो,” ते म्हणाले. “तीनदा भरतीला गेलो, तीनदा कारखान्यात परत पाठवलं. म्हणाले, बंदूक कोणीही उचलेल, लेथ मशीन कोण चालवणार?”

आजोबा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या साहेबानं तुम्हालाही असंच अडवलं होतं ना? पप्पांनी सांगितलंय मला.

मला फार लाज वाटली. त्या एका थापेचीच नाही. मी चौथीत असताना एक जानेवारीला आपण कोरेगावला मानवंदनेला गेलो होतो. तिथे मैत्रिणीनं विचारलं, तुझे आजोबा कोणते? मी पदकं लावलेल्या रामभाऊंकडे, तुमच्या भावाकडे, बोट दाखवलं. तुम्ही माझी पाण्याची बाटली धरून मागेच उभे होतात. त्यानंतर तुम्ही कधी कोरेगावला आला नाहीत. रामभाऊंची पदकं मात्र दरवर्षी घासून देता. घरातले म्हणतात, गुडघे दुखतात म्हणून येत नाहीत. खरं कारण तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. चुकले मी.

लेसना मग सगळं खरं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, कोणत्या मशीनवर होते? मला सांगता येईना. इतक्या वर्षांत मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. आज त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा सविस्तर कळवा, काही गाळू नका.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. एक जानेवारीला आपण दोघं कोरेगावला जायचं. गुडघ्यांची सबब चालणार नाही, तुमची खुर्ची मी उचलेन. आणि पुढे बसायचं, मागे नाही. कोणी विचारलं तर या वेळी मी बरोबर सांगेन.

तुमची, आणि तुमचीच, नात
प्रतीक्षा