आप्पांच्या बंदुकीचा घोडा

आश्विन शु. ११, शके १८५४
बंदुकीचा घोडा गेला. दारू पेटवणाऱ्या टोपीवर आपटतो तो, बाहेरचा, एका स्क्रूवर बसणारा. खंडेनवमीला मीच काढला, चिंचेने घासला, हळदकुंकू लावून ताटात ठेवला. "बायकांनी हात लावायचा नाही" म्हणून घरभर ओरडलो. आज निर्माल्य सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडून आलो, तेही मीच. झेंडूच्या ढिगात घोडाही गेला असणार. घर पालथं घातलं. पिठाच्या डब्यातसुद्धा पाहिलं, मूर्खासारखं.

दिवाळीआधी बंदूक कचेरीत दाखवायची आहे. परवाना आप्पांच्या नावावर. दोन वर्षांपूर्वीच्या लष्करी कायद्याच्या गडबडीपासून गावात हातात काठी दिसली तरी पोलीस हटकतात. तळ्यात पडला म्हटलं तर कोण मानेल? कुणाला दिला, हेच विचारतील. तेही आंधळ्या बापाला.

शु. १३
तळ्यावर. कमरेएवढ्या पाण्यात चाचपडत होतो. घाटावरून धुणेवाली ओरडली, "काय पडलं वो?" तोंडातून निघून गेलं, "घरातली नथ." तिने आपले दोन्ही पोरगे पाण्यात उतरवले. कुणाचा तरी तांब्या मिळाला. बाकी चिखल.

तिन्हीसांजेला आप्पा, "बंदूक दे." आजोबांना पलटणीतून मिळालेली. डोळे गेल्यापासून रोज मांडीवर घेऊन बसतात. म्हटलं, तेल लावलंय, वाळू द्या.
"त्याल कदी वाळतंय काय रं?"


कोजागिरी
नथ शुक्रवार पेठेत घरोघरी पोचली. बायका सौ.चं सांत्वन करायला येताहेत. नथ आहे तिच्या डब्यात, तळाशी लपवलेली. "आता दिवाळीला काय घालू? तुमच्या घोड्यापायी माजं नाक मोकळं!" हसू आलं होतं, पण तिचे डोळे भरलेले दिसले.

व. ३
सात रस्त्याच्या बंदूकवाल्याकडे गेलो. सहज आल्यासारखं विचारलं. "पुराना माल है, मिल जाएंगा. पन परवाना लाव, पोलीस की चिठ्ठी लाव." घाईत छत्री तिथेच राहिली. आणायला जायचा धीर नाही. गिरणीतला फिटर दुपारच्या सुट्टीत घडवून देईल, पण चोरून घडवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. यापुढे इथे 'ती वस्तू' एवढंच लिहायचं. भिंतीलाही कान असतात.

व. ६
करमाळा. जेऊरला उतरून पुढे मोटार. म्हाळूतात्यांकडे. मेंढरांचा मोठा कळप, दारात लोकरीचे ढीग. त्यांचे आजोबा आणि आमचे एकाच पलटणीत, बंदुकाही जुळ्या. सगळं सांगितलं. हसले नाहीत. उठून स्वतःच्या बंदुकीची ती वस्तू काढली नि माझ्या हातावर ठेवली.
"न्या की. आमची दाखवायची पाळी तुमच्या मागनं हाय. तवर आणून द्या."
"आणि अडकलो तर?"
"मंग दोगं बी अडकू. आजं बी संगंच हुतं की."

परतीच्या गाडीत वस्तू कनवटीला. खाकी दिसलं की खिडकीबाहेर बघायचं. काल मी एकटा अडकलो होतो. आज एका भल्या माणसालाही ओढलं. स्वतःची लाज वाटते.

व. ७
बसली. जरा घट्ट, पण बसली. हुश्श म्हणून बंदूक आप्पांच्या मांडीवर ठेवली. अंगठा फिरला आणि थांबला.
"ह्यो आपला न्हाय."
बंदूक परत घ्यायला गेलो, सोडेनात.
"आपल्या घोड्याला खाच हाय. ल्हानपनी मी दगडावर आपटून पाडलेली. लई मार खाल्ला हुता. ह्यो कुनाचा?"
सांगितलं सगळं. ऐकताना अंगठा त्या वस्तूवरच. मग, "कचेरीत मी येनार. परवाना माजा, बोलनार बी मीच."
"काय बोलणार?"
"इचारतील ते."

आप्पा जन्मात खोटं बोलले नाहीत, आणि आता त्याचीच मला भीती. खरं बोलले तर म्हाळूतात्या गेले. खोटं बोला, असं बापाला कोणत्या तोंडाने सांगू? पण नाही सांगितलं तर?

व. ९, सकाळ
सांगितलंच. "आप्पा, तात्यांचं नाव तेवढं घेऊ नका." त्यांनी फेटा माझ्याकडून बांधून घेतला. टांग्यात चढून बसले, बंदूक मांडीवर, अंगठा त्या वस्तूवर.

सौ. ओवाळायला बाहेर आली ती नथ घालून. गल्ली दारात जमलेली. मी डोळे वटारले तर म्हणते, "न्हाय जमत मला लपवायला." धुणेवाली समोरच होती. "आगं बया, नथ घावली व्हय?"

"हरवलीच नव्हती," आप्पा म्हणाले. टांग्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

परवाना घ्यायला आत आलो आहे. एवढं लिहून निघतो. बाहेर आप्पा टांगेवाल्याला विचारताहेत, कचेरी उघडली असंल का म्हणून.