शेजारची सीट

कोरेगाव, जि. सातारा
५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विजयमाला हिस,
दादाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमच्या बागेची काढणी सुरू झाली असेल. लालासाहेबांना म्हणावं, व्यापारी गोड बोलायला लागला की दोन पावलं मागं सरायचं. फोनच करणार होतो, पण आमच्या घरी फोन स्पीकरवर टाकायची पद्धत पडली आहे आणि तुझ्या घरी शेजारणीही ऐकतात. मी पलटणीत असल्यापासून आपली पत्रं चालू आहेत, ती तशीच चालू राहोत.

राजवर्धनने बारशाला बोलावलं आहे. नातीचं नाव प्रांजल ठेवायचं ठरलं आहे. गुरगावला त्याच्या घरी पोचायचं म्हणजे पुण्याहून दिल्लीला विमानानेच या, असा त्याचा हट्ट. तिकिटं त्याने काढली. मग परवा विचारतो, तुमच्या दोघांच्या सीट शेजारी शेजारी घ्यायच्या का, जादा पैसे भरावे लागतात, नाहीतर कंपनी देईल तिथं बसायचं. मी साफ नाही म्हणालो. बसायचे पैसे एकदा भरले, आता कुणाशेजारी बसायचं त्याचेही भरायचे, हे कुठलं शास्त्र? आम्ही एसटीत तरी कधी शेजारी बसलो? ती पुढं बायकांत, मी मागं. पंगत वेगळी, लग्नातला मांडव वेगळा, आणि तरी संसार झालाच की. दोन तासांचा तर प्रवास.

तुझ्या वहिनीने वाद घातला नाही. फक्त विचारलं की विमानात मागून हाक मारली तर पुढच्याला ऐकू जाते का. मी लय हसलो. तिला पहिल्यांदाच विमानात बसायचं आहे, म्हणून असं काहीबाही सुचतं. सामानाची काळजी तिला नाही, दोन्ही पिशव्या मीच सांभाळणार आहे.

मुलांना आशीर्वाद. माया आहेच, पत्रातूनही कळत राहू दे.

तुझा,
नाथाजीदादा


तासगाव, जि. सांगली
११ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. द्राक्षं गोडीला आली आहेत, आणि व्यापारी तुझ्या भाकिताप्रमाणे त्यांच्याहून गोड झाला आहे. लालासाहेब दोन पावलं मागं सरले, तिसऱ्याला शेडच्या खांबावर आपटले. काळजी नको, खांब शाबूत आहे.

आता तुझ्यावर रागवायचं आहे. दादा, पैसे भर आणि वहिनीला शेजारी घे. एसटीचं सांगू नकोस. एसटीत पुढं बसलेल्या बायका तिच्या ओळखीच्या असतात, निदान बोलणं तरी कळतं. तिला साखर आहे, वेळेवर पोटात गेलं नाही की हातपाय कापतात. आणि ती अडली तर सांगणार काय? मागच्या साली मिरजेला तिच्या मोतीबिंदूच्या वेळी मी बरोबर होते. खिडकीतल्या मुलीने नवऱ्याचं नाव विचारलं, तर वहिनी राजवर्धनचे वडील, राजवर्धनचे वडील एवढंच म्हणत राहिली. मागची रांग खोळंबली. शेवटी मी तुझं नाव सांगितलं, तर ही पदराआड हसत होती. माझं बघ, मी लालासाहेब म्हणून अख्ख्या बागेत ऐकू जाईल अशी हाक मारते. तुझी बायको मात्र नाव म्हणजे उखाण्यातच घ्यायची गोष्ट मानते. ते एकदा लग्नात घेतलं, त्यावर तुझं सगळं भागलं.

तेव्हा हट्ट सोड. नातीला माझ्याकडून काजळाची तीट लाव. तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, यावेळी तो वहिनीकडे वळव.

तुझी,
विजू


गुरगाव
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विजयमाला हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. बारसं चांगलं झालं. प्रांजल आपल्या आईच्या वळणावर आहे, नाक मात्र आपल्याकडचं.

तुला राजवर्धन फोनवर काही सांगेल, म्हणून आधीच कळवतो. विमानात तुझ्या वहिनीला जरा घाम आला होता. मी पुढं होतो, ती पार मागं. खायची पिशवी माझ्याकडे राहिली. त्यांनी माझ्यासाठी पुकारा केला म्हणे, पण विमान वर चढताना माझे कान बसले होते, काही ऐकू आलं नाही. तिथल्या मुलीने तिला रस पाजला, मग ती बरी झाली. एवढंच आहे. त्याचा बाऊ करू नये.

इथं थंडी आहे. बाकी काही विशेष नाही.

नाथाजी


गुरगाव
२६ फेब्रुवारी २०२५

सौ. वन्संना,
राहीबाईचा स. न. वि. वि.

मी पत्र लिहिते आहे म्हणून दचकू नका. सातवीपर्यंतची शाळा अजून हातात आहे. सूनबाई संयोगिता बाळाला घेऊन झोपली आहे, हे राजवर्धनबरोबर बाजारात गेले आहेत, तेवढ्यात लिहून घेते. हे पत्र तुमच्यापाशीच ठेवा.

विमानात मला शेवटून दुसऱ्या ओळीत मधली जागा मिळाली. दोन्हीकडे परके बाप्ये, मी अंग चोरून बसले होते. पहाटे घरातून निघालेलो, पोटात चहाच. वर गेल्यावर डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, हात कापायला लागले. दशम्या आणि बिस्किटं यांच्या पिशवीत. तिथली मुलगी आली, हिंदीत विचारायला लागली की बरोबर कोण आहे, नाव काय. माझ्या तोंडून तेच निघालं, राजवर्धनचे वडील. तिकीटही यांच्याच खिशात होतं. तिने मग भोंग्यावरून तसंच सांगितलं, की राजवर्धनचे वडील कुठं बसले असतील तर त्यांनी हात वर करावा, मागे घरच्या बाई बोलावतात. लोक हसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका साध्या नावासाठी सगळ्या विमानात यांची शोभा केली.

पण वन्सं, खरं सांगायचं ते पुढंच आहे. मी उठून उभी राहिले होते. तुमचे दादा उंच, आणि एवढ्या डोक्यांत पांढरी टोपी एकच. ती मला लांबून दिसत होती, म्हणून धीर होता. पुकारा झाल्यावर यांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. मग तोंड पुढं केलं, आणि टोपी डोक्यावरून खाली गेली. नंतर नुसती डोकी राहिली, त्यात यांचं कुठलं ते कळेना.

उतरल्यावर हे पिशवी घेऊन धावत आले. म्हणाले, कान बसले होते. मी राजवर्धनलाही तेच सांगितलं. यांना यातलं काही कळू देऊ नका. माझं लुगडं, माझी नायलॉनची पिशवी, माझं बोलणं, याची यांना लाज वाटली असेल तर त्यात यांचा तरी काय दोष, असं मनाला समजावते. पण समजत नाही. परतीला राजवर्धन शेजारच्या सीटचे पैसे भरतो म्हणाला. मी नको म्हटलं. दोन तासांचा तर प्रवास, असं म्हटलं. तेव्हा हे जेवत होते, त्यांचा घास हातातच राहिला.

लालासाहेबांना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तो तसाच असू द्या.

तुमची,
राहीबाई


तासगाव
३ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र फारच आखूड होतं. आशीर्वादाच्या खाली तू कधी नुसतं नाथाजी लिहीत नाहीस.

वहिनीची तब्येत आता बरी आहे असं राजवर्धन फोनवर म्हणाला. आई परतीच्या प्रवासालाही शेजारची सीट नको म्हणते, पैसे वाचवायला बघते, असं त्याला वाटतं. तुला काय वाटतं?

दादा, तू लहानपणी ओढ्यापलीकडची एसटी वळणावर यायच्या आधी ऐकायचास आणि मला पाटी-दप्तरासकट पळवायचास. मागच्या दिवाळीत मी स्वयंपाकघरात तुझ्या करंज्यांबद्दल हळूच बोलले, ते तू ओसरीवर ऐकलंस. तुझे कान मला चांगले माहीत आहेत. यापुढे मी काही विचारणार नाही. या पत्राचं उत्तर मला नाही दिलंस तरी चालेल, ज्याला द्यायचं त्याला दे.

द्राक्षं संपत आली. उरलेली बेदाण्याला टाकली आहेत. मी तुझ्यावर रागावले आहे आणि तरी तुझीच आहे, हे लक्षात असू दे.

विजू


गुरगाव
८ मार्च २०२५

चि. सौ. विजूस,
दादाचे आशीर्वाद. ते घ्यावेस की नाही ते पत्र वाचून ठरव.

माझे कान बसले नव्हते.

शेजारी लष्करातला एक तरुण कॅप्टन होता. माझी पलटण कळल्यावर सुभेदारसाहेब, सुभेदारसाहेब करत बोलायला लागला. मी फुलून गेलो. सियाचीनच्या गोष्टी सांगितल्या, दोन-तीन वाढवूनही सांगितल्या. तेवढ्यात तो पुकारा झाला. मुलगी राजवर्धन म्हणाली आणि माझी गोष्ट अर्ध्यावर तुटली. आजूबाजूचे सगळे हसले, कॅप्टनही हसला. मी मागे पाहिलं. ती उभी होती, डोईवर पदर, एका हाताने पुढची सीट धरलेली. मी उठायला हवं होतं. विजू, मी गोळीबारात उठलो आहे, तिथं नाही उठलो. टोपी काढून मांडीवर ठेवली.

कॅप्टन म्हणाला की बिचारी म्हातारी एकटीच आलेली दिसते, घरचे अशा माणसाला एकटं कसं सोडतात. आणि मी म्हणालो, हो ना, कसं सोडतात कुणास ठाऊक.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. ते आठवलं की जेवताना घास फिरतो. तिने काही पाहिलं असेल असं मला आधी वाटलं नव्हतं. पण परतीची सीट नको म्हणताना तिने माझेच शब्द माझ्यापुढं ठेवले, दोन तासांचा तर प्रवास. तेव्हापासून तिच्याकडे सरळ बघता येत नाही. राजवर्धनला गुपचूप पैसे भर म्हणणार होतो. पण पैसे भरून शेजारी बसलो, तरी ती माझ्या शेजारी बसली असं होईल का? तिने नको म्हटलं आहे. ते मोडायचा हक्क मला उरलेला नाही.

तिच्याशी बोलायचं धाडस होत नाही. तुझ्या नजरेतून उतरलो असेन. तिथून जेवढं चढता येईल तेवढं चढायला मदत कर.

तुझा,
दादा


कोरेगाव
१९ मार्च २०२५

सौ. वन्संना,
राहीबाईचा स. न. वि. वि.

आम्ही घरी पोचलो. शेजारच्यांनी गुरं नीट सांभाळली, लाल गाय मात्र रुसली आहे. बेदाण्याचा डबा मिळाला, मला साखरेमुळे चार दाणेच परवानगी आहे.

येताना मला परत मागचीच जागा मिळाली, यांना पुढची खिडकीची. यावेळी यांनी खायची पिशवी घरापासून माझ्या खांद्याला अडकवली होती. मी बसले, पट्टा लावला. या बाजूला एक बाई होत्या, त्या बाजूला कॉलेजातला वाटावा असा एक मुलगा, कानात काहीबाही घातलेला. लोक सामान चढवत होते. तेवढ्यात बघते तर सगळ्यांच्या उलट्या दिशेने हे येत आहेत. डोक्यावर टोपी. लोक कुरकुरत होते, तिथली मुलगी जागेवर बसा म्हणत होती, तरी हे येतच होते. माझ्या ओळीपाशी थांबले आणि आपल्या त्या पलटणीतल्या आवाजात त्या मुलाला म्हणाले की बेटा, पुढं खिडकीची जागा आहे ती तू घे, ही माझी घरवाली आहे, मला हिच्याजवळ बसायचं आहे. आसपासची सगळी माणसं वळून बघायला लागली.

त्या मुलाने कानातलं काढलं. शहाणा मुलगा होता. उठायच्या आधी त्याने मला विचारलं की आजी, हे तुमच्याबरोबर आहेत का.

वन्सं, तुमच्यापासून काय लपवू. माझ्या मनात आलं, नाही म्हणावं. ओळखत नाही म्हणावं आणि खिडकीबाहेर बघावं. हे उभेच होते. त्यांनी घाई केली नाही, अगं म्हटलं नाही, मुलाला काही समजावलं नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखे. तोंड उतरून एवढंसं झालं होतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. मागची माणसं तटली होती.

मग मी म्हटलं की होय, हे माझे मालक, नाथाजी. मोठ्याने म्हटलं. उखाणा नाही, काही नाही. त्या मुलीलाही ऐकू गेलं असेल. आता पुन्हा कधी पुकारा करायची वेळ आली तर नाव ठाऊक असावं.

हे बसले. पट्टा त्यांना लागेना, तो मी लावून दिला. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली ती पुण्यापर्यंत खाली ठेवली नाही.

स्वारगेटला एसटीत मी नेहमीसारखी पुढं बायकांकडे निघाले, तर यांनी पिशवीचा बंद धरून ठेवला. मागे दोघांच्या बाकावर बसलो. कात्रज ओलांडल्यावर म्हणाले की तू नाव घेतलंस ते अजून कानात आहे, आणखी एकदा घे. मी म्हटलं की आता नाही. पुन्हा कधी टोपी काढलीत, तर घेईन.

तेव्हा त्यांना कळलं की मी पाहिलं होतं. कोरेगाव येईपर्यंत हे खाली मान घालून रडत होते. वाहकाने विचारलं की आजोबांना काय होतंय, तर मी सांगितलं की कान दुखताहेत.

तुमचा जीव आमच्यावर आहेच, आम्हा दोघांवर मिळून असू द्या.

तुमची,
राहीबाई