तळाला बनात

१२ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

तुझी दानपेटी तयार आहे. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेत. हे मला कोणी शिकवलं नाही. लोकांनी टाकून दिलेली कपाटं उघडून शिकलो. वरची फट तू सांगितलीस तशीच, देणगीचं पाकीट न दुमडता आत जाईल इतकी. ध्यान शिकवणाऱ्याला पाकिटाची रुंदी तोंडपाठ असते, हे मात्र मला नवीन होतं.

माप घ्यायला केंद्रावर आलो तेव्हा शिबिराचा शेवटचा दिवस होता. तू म्हणालास, "इथे फी नाही. शिक्षकाला पगार नाही. मनात येईल ते द्या." आणि डोळे मिटून घेतलेस. मी दारात टेप धरून उभा. जुन्या डब्यात नाणं वाजलं की तुझी पापणी हलायची. त्या कारखानदाराचं पाकीट धप्पकन पडलं, तेव्हा तर डोळेच उघडलेस. वर त्याला म्हणालास, "तुमची बैठक फार खोल झाली." खोल? अरे, तो घोरत होता!

पगार नाही म्हणे. मग घरभाडं, मुलीची फी, तुझे ते पांढरेशुभ्र सदरे कुठून येतात? तुझी बायको लोकांचे पडदे शिवते, त्यातून. तुझ्या केंद्राची सगळ्यात मोठी देणगीदार ती. तिला कधी दोन गोड शब्द बोललास?

परवा ती मुलीला घेऊन आमच्याकडे आली. तुझी वहिनी म्हणाली, "राहतील चार दिवस, बरं वाटेल." पण टेम्पोतून शिलाई मशीन मीच उतरवलं होतं. चार दिवसांसाठी येणारी बाई मशीन घेऊन येत नाही, धाकट्या.

रडत नाही, तक्रार नाही. मीच विचारलं, तर म्हणाली, "दादा, त्यांना शांतता हवी होती ना? दिली."

पेटीच्या तळाला बनात लावलीय, जाड लोकरी कापड. काहीही पडलं तरी आवाज होणार नाही. तुला आता डोळे नीट मिटता येतील.

पेटी न्यायला शिष्य पाठवू नकोस, देणार नाही. स्वतः ये. तिचं मशीन दाराशीच मांडलंय. आत यायचं तर तिच्यासमोरूनच यावं लागेल. तेव्हा डोळे उघडे ठेव.

अजून तरी तुझाच,
दादा