सहाव्या तारेची खुंटी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. चार पानी पत्र लिहायला मनगटात जोर लागतो, तेव्हा मनगटं तरी शाबूत आहेत हे कळलं. बाबा गेले तेव्हा तुझ्याकडून तीन ओळी आल्या होत्या (त्यातली एक पत्त्याची), म्हणून आम्ही समजत होतो की तुझी लिहायची सवयच मोडली. तुझ्या वहिनीने चारही पानं वाचली आणि 'तब्येत कशी आहे' हे कुठे लिहिलंय ते मला शोधायला लावलं. सापडलं. गिटारच्या तब्येतीबद्दल होतं. म्हणून आधी तिचंच सांगतो. माझे गुडघे थांबतील, त्यांना हल्ली थांबण्यावाचून दुसरं काही जमतही नाही.

तू लिहिलंस की आपल्यासारखीच, त्याच कारागिराची, त्याच काळातली गिटार कुठेशी तीन खोल्यांच्या घराच्या भावाने गेली, तेव्हा दादा, आपली दाखवून आण. आणली दाखवून. बाबांच्या पांघरुणात गुंडाळून बसने नेली. तिला बसायला जागा मिळाली, मी उभा. जुन्या वाद्यांचा तो दुकानदार हातमोजे घालून बसतो आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा भोकातून आत घालून बघतो. आत बघितल्यावर माणूस एकदम खुलला. कारागिराची चिठ्ठी जागेवर आहे म्हणाला, सत्तर वर्षांची आहे म्हणाला, असलं लाकूड आता तोडायलाच बंदी आहे म्हणाला (लाकडाचं मला सांगायची गरज नव्हती, पण सुताराने तोंड उघडलं की गिऱ्हाईक बिथरतं, म्हणून गप्प बसलो). त्या पाच मिनिटांपुरतं आपलं तीन खोल्यांचं घर झालं होतं, बाहेर गॅलरीसुद्धा होती. मग त्याने दिवा लावला.

पहिलं बोट ठेवलं ते भोकाखालच्या ओरखड्यांवर. हे कशाने झालं, विचारलं. अंगुस्तानाने, मी म्हटलं. वडील शिंपी होते, काजं करता करता कंटाळा आला की पाच मिनिटं वाजवायला घ्यायचे, आणि पाच मिनिटांसाठी बोटातलं टोपण कोण काढतो. (त्या पाच मिनिटांपायी किती लग्नाळू मुलं पँटीवाचून दुकानात बसून राहिली, ते तुला आठवतच असेल.) त्याने वहीत काहीतरी लिहिलं. गॅलरी गेली. मग बाजूची चीर. ती तुझी. सहा वर्षांचा असताना तू तिचा घोडा केला होतास, आणि मार मी खाल्ला, कारण लक्ष मी ठेवायचं होतं. ती चीर मी पुढे खुर्चीच्या सरसाने बसवली, अशी की हत्ती बसला तरी उघडायची नाही. हा सरस म्हणजे अपराध आहे, तो म्हणाला. स्वयंपाकघर गेलं. मग त्याने पाठीवरून बोट फिरवलं आणि पॉलिश कुणी केलं म्हणून विचारलं. मला वाटलं, कौतुक करतोय. मी छाती काढून सांगितलं की बाबांच्या पंचाहत्तरीला मी स्वतः केलं, तीन हात, मध्ये दोनदा घासून. त्याने हातमोजे काढून ठेवले. इतकं वाईट मला लाकूड किडकं निघाल्यावरसुद्धा वाटलेलं नाही.

आधी ही कुणाची होती, हेही विचारलं. वाजवणारा नावाजलेला असेल तर भाव दुपटीने चढतो म्हणे. आता काय सांगणार? बँडबरोबर फिरणारा एक माणूस कोट बेतायला आला, गिटार 'आलोच' म्हणून कोपऱ्यात ठेवून गेला, आणि गेला तो गेलाच. बाबांनी दोन वर्षं परक्याची वस्तू म्हणून तिला हात लावला नाही. कोट तर शेवटपर्यंत कागदात बांधून ठेवला. बाबांच्या मापाच्या वहीत त्याचं नाव नाही, नुसतं 'उंच गृहस्थ, डावा खांदा उतरता' एवढंच आहे. तेवढ्यावर भाव चढत नाही.

शेवटी तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, कपाटात बंद राहिली असती, कुणी वाजवलीच नसती, तर आज घर आलं असतं." आपल्या हातात तोवर न्हाणीघर उरलं होतं. आपल्या घरात जे जे घडलं ते ते त्याने वजा केलं, धाकट्या.

आणि मग त्याला सहावी खुंटी दिसली. पाच मूळच्या, पितळी, आणि सहावी मी शिसवाची कोरलेली. ती मूळची मिळाली तर एक खोली परत येईल म्हणाला. कुठे गेली, विचारलं. हरवली म्हणालो. तू घर सोडलंस त्या सकाळी ती स्क्रूंसकट काढून नेलीस, हे परक्या माणसाला कशाला सांगू? बाबांनी गिटार नेऊ दिली नाही, म्हणून खुंटी नेलीस. मी तुझ्यामागे स्टॅंडवर धावत निघालो होतो. बाबांनीच अडवलं. "नेऊ दे त्याला. परत यायला निमित्त राहील."

बाजारात तसली खुंटी मिळत होती. मी दोनदा आणली, दोन्हीदा त्यांनी परत करायला लावली. माझी लाकडी खुंटी घसरायची. दोन गाणी झाली की बाबा हात थांबवायचे, 'धाकटा उतरला' म्हणायचे आणि पिळायचे. एकोणीस वर्षं पिळत होते. शेवटी बोटं वळेनात, तर रोज सकाळी मला ती तार लावून ठेवायला सांगायचे. वाजवायला कुणी नव्हतं. तरी लावायची.

असो. तुझी इच्छा म्हणून दुकानदाराला हो सांगून आलो आहे. न्हाणीघराचे जे येतील त्यातले निम्मे तुझे. पोच धाडावी.

अजूनही तुझा थोरलाच असलेला,
दादा

ता. क. हो सांगितलं ते खोटं. भावाला विचारून सांगतो म्हणालो. गिटार खुंटाळ्यावर जागच्या जागी आहे.

दुसरा ता. क. ती खुंटी तुझ्याजवळ असणार, दोन्ही स्क्रूंसकट. दुसऱ्याची वस्तू तू कधी हरवत नाहीस. ती कुरिअरने धाडू नकोस, घेऊन ये. पेचकस माझ्याकडे आहे. बसवू, मग विकायची की नाही ते बोलू.

तिसरा ता. क. वहिनी म्हणते, हरवली असली तर? हरवली असली तर तसं पत्रात लिहू नकोस. इथे येऊन सांग.